घरगुती क्रीम : लागवड आणि निगा

या पिकाला जमीन लागत नाही. फ्लॅट पुरतो. वन बीएचके असला तरी चालेल. फक्त बाथरूमची खिडकी लहान असावी आणि तिच्यासमोर बादल्या रचलेल्या असाव्यात, म्हणजे ती कुणी उघडत नाही. हंगाम खरिपाचा. मृग बरसला, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर आणि ठेवणीतल्या चपलांवर पांढरी लव धरू लागली, की हवा पोषक झाली असं समजून कामाला लागावं. मुंबई, ठाणे, रत्नागिरीकडचे वाचक या बाबतीत जन्मजात भाग्यवान. सोलापूरकरांनी एप्रिल-मेमध्ये प्रयोग केल्यास उतारा कमी पडेल. त्याचा दोष या पत्रकाला देऊ नये.

नवशिक्याला वाटत असतं की आपण चेहऱ्याचं क्रीम बनवतोय. पहिले आठ दिवस त्याला तसं वाटू द्यावं. पुढे काय उगवलं ते डबी स्वतःच सांगते.

आता बियाणं आणि खत. कोरफडीचं एक जाडजूड पान; ते शेजाऱ्यांच्या कुंडीतलं असेल तर जास्त नैसर्गिक. अर्धी काकडी, किसून पिळलेली. चार चमचे गुलाबपाणी. पाव वाटी बदामाचं तेल. सुपारीएवढं मधमाश्यांचं मेण. आणि औषधाच्या दुकानातल्या ई जीवनसत्त्वाच्या चार हिरव्या कॅप्सुला, टिकाऊपणासाठी. हे सगळं मी २०२० च्या टाळेबंदीत, डोंबिवलीत, पातेल्यात पातेलं ठेवून केलं आणि बिल्डिंगमध्ये चार घरी डब्या पोचवल्या. डब्यांवर मुलीकडून सुबक अक्षरात लिहून घेतलं होतं, ‘शंभर टक्के नैसर्गिक’. ते शब्दशः खरं ठरलं. नवव्या दिवशी डबीत जे आलं त्याहून नैसर्गिक काही असूच शकत नाही. सासूबाईंनी झाकण उघडलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “अगं, यावर तीळ कशाला लावलेस?”

हे तीळ कुठून येतात ते समजून घेतलेलं बरं. बुरशीचे बीजाणू हवेत असतात, बोटांवर असतात, कोरफडीच्या सालीवर असतात, धुऊन पालथ्या घातलेल्या डबीतही असतात. पेरणीचा खर्च शून्य. लागतं ते फक्त पाणी, आणि पाणी म्हणजे नळाचंच असं नाही. कोरफडीचा गर म्हणजे जवळपास सगळं पाणीच, काकडीचं तेच, गुलाबपाण्याच्या तर नावातच ते आहे. दूध, दही, बटाट्याचा रस, तांदळाचं धुवण, ग्रीन टीचा अर्क ही सौंदर्याच्या दृष्टीने वेगवेगळी द्रव्यं असतील, जंतूंच्या दृष्टीने ती सगळी राहायची सोय अधिक जेवण. डिस्टिल्ड वॉटरमध्ये निदान जेवण तरी नसतं. काकडीच्या रसात दोन वेळची खानावळ असते.

शिवाय तीळ दिसणं ही पिकाची सुरुवात नव्हे, ती कापणीची वेळ. बुरशी डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी क्रीममध्ये जीवाणू वस्तीला आलेले असतात. ग्रॅममागे लाखभर असले तरी क्रीम पांढरंशुभ्र, मऊ आणि गुलाबाच्या वासाचंच राहतं. त्यांतला स्यूडोमोनास नावाचा एक जीवाणू ओल असेल तिथे मजेत राहतो आणि डोळ्याच्या बुबुळाला बारीकशी जखम मिळाली तर तिथे फार वाईट दंगा घालतो. घरचं काकडीचं क्रीम आपण नेमकं लावतो कुठे, तर डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांना.

गंमत म्हणजे मराठी बाईला हे सगळं आधीपासून ठाऊक असतं. फक्त ते क्रीमच्या नव्हे, लोणच्याच्या खात्यात जमा असतं. कैऱ्या धुतल्या की फडक्याने कोरड्या पुसायच्या, मग पसरायच्या. बरणी उन्हात तापवायची. मीठ हात आखडून घालायचं नाही, कारण ते कैरीतलं पाणी बाहेर ओढतं आणि स्वतःपाशी असं बांधून ठेवतं की पाणी असूनही जंतूंच्या वाट्याला येत नाही. वर चार बोटं तेल, म्हणजे हवेचा संबंध नको. तोंडाला दादरा. आणि घरातला सर्वांत कडक कायदा, ज्याला वय, नातं, पाहुणेपण काही आड येत नाही : ओला चमचा घालायचा नाही. माझ्या माहेरी पंगतीत जावयालाही याबद्दल टोकलेलं मी पाहिलंय. मुरांब्यात मिठाचं काम साखर करते, कुरडयांत ऊन करतं. सूक्ष्मजीवशास्त्राचा एवढा मोठा अभ्यासक्रम आपण फळीवर मांडून ठेवलाय, आणि तीच बाई आंघोळीहून आल्यावर ओली बोटं क्रीमच्या डबीत दुसऱ्या पेरापर्यंत बुडवते.

उटण्याचं बघा. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, संत्र्याची वाळवलेली साल, गुलाबाच्या पाकळ्या. सगळं खडखडीत वाळलेलं, कुटून वस्त्रगाळ केलेलं. भिजवायचं ते पहाटे, वाटीत, लागेल तेवढंच. नरकचतुर्दशीला भिजवलेलं उटणं भाऊबीजेपर्यंत झाकून ठेवलेलं मी तरी कुठल्या घरात पाहिलेलं नाही. कोकणात थंडीत टाचा फुटल्या की कोकमाचं तेल कोमट करून भरतात. काही जण त्याला भिरंडेल म्हणतात. तो पिवळट-पांढरा गोळा फडताळात वर्षभर पडून असतो आणि त्याला काही होत नाही, कारण त्यात पाण्याचा टिपूसही नसतो. लग्नातली हळद ओली खरी, पण ती त्याच दिवशी संपते. नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे जाते, म्हणजे दहा जणांचे हात लागलेली सौंदर्यप्रसाधनं आपल्याकडे विधिपूर्वक पोचवली जातात. पण दुसऱ्या दिवशीसाठी ती वाटी कुणी उचलून ठेवत नाही. आज्या-पणज्या प्रिझर्व्हेटिव्ह वापरत नव्हत्या हे अगदी बरोबर आहे. त्या ठेवतच नव्हत्या. ‘पूर्वीसारखं’ क्रीम करून ते तीन महिने डबीत ठेवायचं, ही कल्पना पूर्वीची नाही, आपली आहे.

मशागतीकडे वळू. तेल आणि पाणी एकत्र घोटलं की क्रीम होतं, असं रील्समध्ये दिसतं. रील थोड्याच वेळाची असते आणि तेल-पाणी तेवढा वेळ नांदतं. मेण दोघांना जोडतं असाही एक समज आहे. मेण घट्ट करतं, जोडत नाही. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन नावाच्या ग्रीक वैद्याने मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी घोटून असंच मलम केलं होतं. अंगाला लावलं की त्यातलं पाणी सुटायचं, उडून जायचं आणि गार वाटायचं. कोल्ड क्रीम हे नाव त्या गारव्यावरून आलं. पुढे मेणासोबत टाकणखार घालायला लागल्यावर हे मिश्रण टिकून राहू लागलं. आमच्या आज्यांच्या कपाटात अफगाण स्नोची डबी असायची. अशा ‘स्नो’च्या प्रकारात स्टिअरिक आम्लाचा थोडा भाग क्षाराने साबणात बदलतात, आणि तो साबण तेल-पाण्याचं लग्न टिकवतो. माझ्या डबीत पाचव्या दिवशी तळाशी पाणी आणि वर तेलाचा तवंग आला, तेव्हा मी गॅलेनपासून पुढे एक पाऊलही टाकलेलं नव्हतं. अठराशे वर्षं वाया.

खरंच क्रीम करायचं असेल तर त्याचीही कृती देते. पण सांगून ठेवते, तिने बुरशीचं पीक हमखास बुडतं. १०० ग्रॅमसाठी डिस्टिल्ड वॉटर ७० ग्रॅम, तेल २० ग्रॅम, इमल्सिफायिंग वॅक्स ६ ग्रॅम, ग्लिसरीन ३ ग्रॅम, प्रिझर्व्हेटिव्ह १ ग्रॅम. तेल आणि वॅक्स एका भांड्यात, पाणी आणि ग्लिसरीन दुसऱ्यात. दोन्ही ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवायची, एकत्र करून हँड ब्लेंडरने घोटायची, आणि मिश्रण ४० अंशांखाली आलं की मग प्रिझर्व्हेटिव्ह, कारण बरीचशी प्रिझर्व्हेटिव्ह उष्णता सोसत नाहीत. इतकंच. काकडी नाही, कोरफड नाही, आणि रील करण्यासारखंही काही नाही. मी ही कृती बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “यात नक्की घालायचं काय असतं?”

इथे मराठी स्वयंपाकाचा सर्वांत मोठा गुण आडवा येतो, तो म्हणजे अंदाज. आपल्याला वजनं लागत नाहीत. हाताला कळतं. पण १ ग्रॅम म्हणजे किती हे हाताला कळत नाही, आणि ओट्यावरच्या काट्यालाही नीट कळत नाही. त्याला ग्रॅमखाली अक्षरओळख नसते. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागतो. ‘चमचाभर’ हे माप तर विसराच, कारण मापी चमचा तेलाचा वेगळा भरतो, पावडरीचा वेगळा आणि सासरचा वेगळा. फिनॉक्सिइथेनॉल हे नेहमीच्या वापरातलं प्रिझर्व्हेटिव्ह युरोपच्या नियमांत कमाल १ टक्का चालतं. कमी पडलं तर जंतूंना फरक पडत नाही, जास्त झालं तर चेहऱ्याला पडतो. आमटीत मीठ जास्त झालं की आपण बटाटा सोडतो. इथे बटाटा चालत नाही.

आता त्या चार हिरव्या कॅप्सुला. घरगुती प्रसाधनांच्या जगात ई जीवनसत्त्वाला जो मान आहे तो वाड्यातल्या थोरल्या काकांसारखा आहे. कामाचं कुणी विचारत नाही. त्याचं काम तेलापुरतं. हवेने तेल खवट होतं ते लांबवायचं. जंतूंना ते मारत नाही, अडवत नाही, रागानेही बघत नाही. बुरशीच्या जेवणातलं तेल ताजं राहील एवढी काळजी मात्र घेतं. कडुनिंबाची पानं, हळद, टी ट्री तेलाचे चार थेंब यांचंही तसंच : थोडाफार गुण असेल, पण डबी तीन महिने राखायला तो पुरत नाही आणि पुरेल इतकं घातलं तर कातडी तक्रार करते. ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून महाग विकला जातो. बाजारातले नमुने प्रयोगशाळेत तपासले गेले तेव्हा ज्यांच्यात जंतुनाशक गुण दिसला त्यांच्यात कृत्रिम प्रिझर्व्हेटिव्ह सापडलं. म्हणजे ते काम करत होतं, पण बियांमुळे नव्हे.

‘प्रिझर्व्हेटिव्ह’ शब्दाला दचकणाऱ्या बायकांना मी सरबताच्या क्लासची आठवण करून देते. महिला मंडळाच्या त्या क्लासला आपण सगळ्या वही घेऊन बसलो होतो. स्क्वॅश, जॅम, टोमॅटो सॉस. बाईंनी सोडियम बेंझोएटची पुडी दाखवली, आपण ती केमिस्टकडून आणली, दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून बाटलीत घातली आणि ते सरबत पाहुण्यांना पाजलं. पोटात घालताना जे चाललं ते गालावर का चालू नये? तेच सोडियम बेंझोएट क्रीममध्येही वापरतात. एकच अट, ती क्लासमध्येही होती पण लिंबामुळे आपोआप पाळली जायची : त्याला आंबटपणा लागतो. सामू म्हणजे पीएच साधारण ५ च्या खाली असेल तरच ते जंतूंना भिडतं. त्यात कुणी ‘गोरेपणासाठी’ चिमूटभर खायचा सोडा टाकला की पीएच वर जातो, प्रिझर्व्हेटिव्ह डबीत असतं पण निवृत्त झालेलं असतं. पीएच पेपरची पट्टी मिळते. ती क्रीममध्ये बुडवायचे कष्ट कुणी घेत नाही, म्हणून तर आपल्या पिकाला आशा आहे.

आणि पॅराबेन? ही गोष्ट मला एखाद्या कौटुंबिक मालिकेसारखी वाटते. मिथाइल आणि प्रोपाइल पॅराबेन कित्येक दशकं क्रीममध्ये गुपचूप काम करत होते. २००४ साली ब्रिटनमध्ये स्तनाच्या गाठींच्या नमुन्यांत ते सापडल्याचा अभ्यास आला. निरोगी ऊतींशी तुलना त्यात नव्हती, आणि गाठ त्यांच्यामुळे झाली असं त्यात सिद्धही झालेलं नव्हतं. पण वाच्यता झाली. डब्यांवर ‘पॅराबेन-फ्री’ झळकू लागलं. आता डबीला राखणदार तर हवाच, म्हणून अनेक ठिकाणी मिथाइलआयसोथायाझोलिनोन या लांबलचक नावाच्या बाईंना आणलं गेलं. त्यांनी इतक्या लोकांच्या अंगावर पुरळ उठवली की अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ साली त्यांना वर्षातलं ठळक ॲलर्जीकारक म्हणून जाहीर केलं, आणि २०१७ मध्ये युरोपात न धुता अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांतून त्यांची हकालपट्टी झाली. २०१९ साली त्याच संघटनेने पॅराबेनला वर्षातलं ‘बिगर-ॲलर्जीकारक’ ठरवलं. घराबाहेर काढलेल्या सुनेला पंधरा वर्षांनी बोलावून शाल-श्रीफळ. पण डबीवरचं ‘पॅराबेन-फ्री’ काही कुणी पुसलेलं नाही. ते तसं लिहिलेलं पाहून आम्ही अजूनही दहा रुपये जास्त देतो.

कंपन्या एक परीक्षा घेतात ती आपल्या उपयोगाची नाही, तरी माहीत असावी. क्रीममध्ये मुद्दाम पाच जंतू सोडतात : स्टॅफिलोकॉकस, ई. कोलाय, मघाशी भेटलेला स्यूडोमोनास, कॅन्डिडा नावाचं यीस्ट आणि ॲस्परजिलस ही बुरशी. मग २८ दिवस ठरावीक अंतराने मोजणी. जंतू पुरेसे घटले तर क्रीम पास. घरी याची सोय सोपी आहे. डबी सामाईक बाथरूममध्ये ठेवावी आणि सासऱ्यांना दाढीनंतर लावायला सांगावं. निकालाला २८ दिवस लागत नाहीत.

साठवणुकीसाठी फ्रिज चांगला असं म्हणतात. गारव्यात वाढ मंदावते, थांबत नाही. हे अर्धं कापलेलं लिंबू मागच्या कप्प्यात विसरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. फ्रिजचा खरा धोका वेगळा. मी केसांसाठी जवसाचं जेल करून वाटीत ठेवलं होतं. बुळबुळीत, पारदर्शक, थोडं पिवळसर. सासूबाईंचा दुसऱ्या दिवशी उपास होता. त्यांनी ती साबुदाण्याची पेज समजून त्यात साखर आणि वेलदोड्याची पूड घातली, चमचाभर चाखली आणि मला म्हणाल्या, “नीट शिजला नाही गं साबुदाणा.” मी काही बोलले नाही. जेल तरी चार-पाच दिवसांवर टिकणार नव्हतंच, आणि वेलदोड्याचा वास केसांना वाईट येत नव्हता. साखरेमुळे मात्र केस चिकट झाले.

शतधौत घृतावर दोन शब्द, कारण सध्या त्याचं पीक जोरात आहे. तांब्याच्या परातीत साजूक तूप घ्यायचं, पाणी घालायचं, हाताने फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, आणि हे शंभर वेळा. आयुर्वेदातली जुनी कृती आहे आणि खरोखर सुंदर आहे. तुपाचा रंग जातो, वास जातो, लोण्यासारखं पांढरं मऊ मलम हाती येतं. त्रेसष्टाव्या धुण्याला माझा फोन वाजला आणि आकडा चुकला. पुन्हा एकपासून सुरू करायचं की अंदाजे पंचावन्न धरायचं यावर शास्त्र मौन आहे. पण त्या तुपात पाण्याचे बारीक थेंब कोंडून बसलेले असतात. म्हणजे दिसायला तूप, कायदा लोणच्याचा. थोडं करावं, लवकर संपवावं, बोट कोरडं घ्यावं. ऑनलाइन मात्र त्याच्यावर दोन वर्षांची मुदत छापलेली दिसते, आणि ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ हेही त्याच डबीवर. यांतलं एक तरी विधान धाडसी आहे.

किरकोळ पिकं : लिंबाचा रस गालावर चोळून उन्हात गेल्यास काळे डाग चांगले उठतात, लिंबातली काही द्रव्यं उन्हाशी संगनमत करतात म्हणून. दालचिनीच्या तेलाने ओठ सुजून भरदार दिसतात, पण तसं मुद्दाम करू नये. कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा चीक न निथळता गर वापरल्यास खाज उत्तम येते. साबणाच्या वाटेला नवशिक्यांनी जाऊच नये. कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, आणि भांडं ॲल्युमिनियमचं नको, एवढं पाठ असल्याशिवाय तर नाहीच.

एका बाबतीत मात्र मस्करी बाजूला. सनस्क्रीन घरी करू नका. गाजराच्या बियांच्या तेलाला एसपीएफ चाळीस असतो, वगैरे वाचाल. विश्वास ठेवू नका. झिंक ऑक्साइड आणून क्रीममध्ये ढवळलं तरी ते सारखं पसरत नाही, गाठी राहतात, आणि जिथे गाठ नाही तिथे ऊन थेट आत. किती संरक्षण मिळालं हे मोजायला प्रयोगशाळा लागते. आपल्याकडे फक्त नाक असतं आणि ते संध्याकाळी सोललं गेल्यावर कळवतं.

पीक हाती आलं की बाजारपेठ शोधण्याची इच्छा होते. आमच्याही ग्रुपवर कुणीतरी लिहिलंच, “वहिनी, दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉल टाका.” हुरूप येतो. मग कळतं की प्रसाधनं विकण्यासाठी बनवायची तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, त्याखाली २०२० चे स्वतंत्र नियम आहेत, राज्याचा परवाना लागतो, आणि महाराष्ट्रात ते काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. जागेच्या, स्वच्छतेच्या, साधनांच्या अटी आहेत. सकाळी ज्या ओट्यावर फोडणीचे पोहे झाले तिथे त्या बसत नाहीत. लेबलवर घटक, बॅच नंबर आणि मुदत लिहावी लागते. मी घटकांच्या जागी ‘प्रेम’ लिहिलं होतं. त्याचा पीएच विचारला गेला असता तर पंचाईत होती.

शेवटी काढणीनंतरची कामं. तीळ आलेल्या क्रीमचा वरचा थर चमच्याने काढून खालचं वापरणारी घरं आहेत, मुरांब्याची सवय. करू नये. वर दिसतो तो फुलोरा, मुळं खालपर्यंत गेलेली असतात. वाटलेल्या डब्या परत मागवाव्या लागतात आणि हे काम लागवडीपेक्षा अवघड असतं. चारपैकी दोन घरांनी “फार छान होतं, संपलं” असं सांगितलं. खरं काय ते मी विचारलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी प्रामाणिकपणे डबी आणून दिली, वरून रबर लावलेली, जणू आतलं बाहेर येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. मी मास्क नीट करून खाली गेले आणि तीन डब्या पुढे केल्या. गाडीवरच्या दादाने एक उघडली, आत पाहिलं, चटकन झाकण लावलं आणि दोन्ही ड्रमांकडे बघत विचारलं, “ताई, हे ओल्यात टाकू का सुक्यात?”

“ओल्यात,” मी म्हटलं. “डबी सुक्यात.”